निदलपुंज पाहिलात का?

श्रावण सरता सरता सह्याद्रीच्या सड्यांवर कवला फुलतो. पिवळ्याजर्द फुलावर दोन तांबडे ठिपके, म्हणून पर्यटकांनी त्याचा मिकी माऊस करून टाकला. ठिपके दिसले की नाव कळलं, असं नवख्याला वाटतं. पण ठिपकेवाले कवले एकाहून अधिक आहेत.

ईमेल घरोघरी येण्याआधी आम्ही काही हौशी मंडळी वाळवलेले नमुने एकमेकांना टपालाने धाडत असू. त्यातले कोल्हापूरकडचे एक निवृत्त गुरुजी 'स. न. वि. वि.' लिहून झालं की थेट विचारत, 'निदलपुंज पाहिलात का?' फुलाला खालून धरणारी हिरवी वाटी ती. फूल उलटं करून दहापट भिंगाखाली धरायचं. शिरा दाट, एकमेकींना समांतर गेल्या असतील, तर भाजीचा कवला, म्हणजे स्मिथिया सेन्सिटिव्हा, आणि त्याची भावंडं. शिरांची जाळी दिसली, तर बायजेमिना, सेट्युलोसा यांच्याकडे वळायचं. मग देठावरचे केस, पर्णिकांच्या जोड्या. ताडून पाहायला कुकचा 'फ्लोरा' (1901-1908). कुक मूळचे रेल्वेतले इंजिनिअर, पुढे पुण्यात प्राचार्य. आम्हा बिगर-वनस्पतिशास्त्र्यांना ते त्यामुळेही जवळचे.

खरी कसोटी नमुना वाळवण्याची. पावसाळ्यात वर्तमानपत्राचे कागद रोज बदलले नाहीत की बुरशी धरलीच. कवल्याची पानं कागदात जाईपर्यंत मिटतात, ती बोटाने उलगडून ठेवावी लागतात. पिवळा रंग तर टिकतच नाही. म्हणून ताज्या फुलाचा रंग, खाली कातळ होता की चिखल, ठिकाण आणि तारीख हे सगळं तिथेच उभ्या उभ्या चिठ्ठीवर लिहायचं. बिनचिठ्ठीचा नमुना गुरुजी न बघता परत करत, आणि बरोबर करत. आता मोबाइलवर फोटो क्षणात येतो, पण दहांतले नऊ फोटो फुलाच्या तोंडाचे. पाठ कुणी काढत नाही.

वाद राहिलाच तर निकाल शेंगेवर. ती निदलपुंजाच्या आतच घडी घालून बसलेली असते. सुईने सोडवून तिची पेरं मोजायची. त्यासाठी पाऊस ओसरल्यावर, गवत कापायला माणसं येण्याआधी, त्याच सड्यावर पुन्हा जायचं. चिठ्ठीत जागा नुसती 'सड्यावर' अशी लिहिलेली असली तर ते झाड काही सापडत नाही, आणि नावापुढचं प्रश्नचिन्ह पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसंच राहतं.