कवटीची उतरती भाजणी

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचं वय विचारायच्या भानगडीत जाणता माणूस पडत नाही. विकणारा दोन वर्षं कमीच सांगणार, हे त्याला ठाऊक असतं. तो एका हाताने वेसण धरतो, दुसऱ्या हाताचा अंगठा जिवणीच्या कोपऱ्यातून आत सरकवतो, खालचा ओठ पाडतो आणि क्षणभर बघतो. सगळे दात दुधाचे दिसले तर खोंड आदत. मधले दोन पडून तिथे रुंद पक्के दात आले असतील तर दुसा, चार आले असतील तर चौसा, मग सहादाती. आठही बदलले की बैल जुळला. साधारण दोन वर्षांपासून चार-पाच वर्षांपर्यंतचं वय या आठ दातांवर वाचता येतं. वर बघायची गरजच नसते, कारण बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात. तिथे नुसती टणक गादी असते.

आता बेरीज करा. खाली पुढे आठ, आणि मागे वर-खाली मिळून चोवीस दाढा. एकूण ३२. दावं धरून उभ्या असलेल्या मालकाच्या तोंडातही, सगळे शाबूत असतील तर, ३२च. वाटणी तेवढी निराळी: माणसाचे पुढचे बारा, मागचे वीस. आकडा जुळला हा योगायोग, पण दातांवरून वय काढायची रीत दोघांनाही सारखीच लागू पडते. तीच रीत वापरून माणसाच्या डोक्याचा हिशेब मांडायला बसलं की एकेक आकडा चक्रावून टाकतो.

काष्टीच्याच जिल्ह्यात लोणीला आणि संगमनेरला डेंटल कॉलेजं आहेत. बीडीएसच्या पहिल्या वर्षाला हातात कवटी येते, शेजारी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचं काम चालू असतं, आणि व्हायवात एक प्रश्न हमखास पडतो: कवटीत हाडं किती? उत्तर २२. मेंदूभोवतीची आठ, चेहऱ्याची चौदा. चौदांतली बारा जोडीची आहेत, आणि एकेकटी दोनच: नाकाच्या पडद्यातलं व्होमर आणि खालचा जबडा. कानातली सहा इवली हाडं या हिशेबात धरत नाहीत. बावीसांपैकी हलतं फक्त एक, खालचा जबडा, आणि खाणं, बोलणं, जांभई, भांडण सगळं त्याच्यावर चालतं.

पण हे २२ ऐन तारुण्यातले. गर्भाच्या डोक्यात हाड धरायला सुरुवात होते ती सुमारे ११० ठिकाणी. ११० स्वतंत्र बिंदूंपासून हाड पसरत जातं, शेजाऱ्याला भिडतं, जुळतं. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या कवटीत साधारण ४५ हाडं उरलेली असतात. कपाळाचं हाड मधोमध दोन भागांत, डोक्यामागचं ऑक्सिपिटल चार तुकड्यांत, तळाचं स्फिनॉइड तीन तुकड्यांत, खालचा जबडा हनुवटीपाशी सुटा. जन्मताना डोकं दबून बाहेर पडतं ते या सुटेपणामुळेच. मग जुळणी चालू राहते. जबडा पहिल्या वर्षाच्या आत एक होतो. आजी रोज तेल घालते ती पुढची टाळू भरायला बहुधा बारा ते अठरा महिने लागतात. कपाळाची फट पहिल्या दोनेक वर्षांत बुजते. काहींची जन्मभर बुजत नाही, त्यांची कवटी २३ हाडांची म्हणायला हरकत नसावी. उलट स्फिनॉइड आणि ऑक्सिपिटल ही दोन हाडं वयात येताना एकजीव होतात, तरी पुस्तकं ती दोनच मोजतात. म्हणजे ११०, ४५, २२ अशी ही उतरती भाजणी आहे आणि २२ हा तिचा शेवटचा आकडाही नव्हे. म्हातारपणी कवटीच्या शिवणीही एकेक करून पुसट होत जातात.

हाडांची संख्या घटते तसा चेहरा मात्र वाढतो. नवजात डोक्यात चेहऱ्याचा वाटा मेंदूच्या पेटीच्या सुमारे एक अष्टमांश असतो. मोठेपणी तो जवळजवळ निम्म्यावर जातो. बाळाचं तोंड एवढंसं आणि कपाळ भलं मोठं दिसतं त्यामागे हा हिशेब आहे. मेंदू लवकर वाढून घेतो, चेहरा दातांसाठी थांबतो.

आणि दातांची भाजणी चढती! नवजात बाळाची हिरडी गुळगुळीत असते, पण आत वीसही दुधाच्या दातांचे मुकुट धरायला लागलेले असतात, शिवाय पहिल्या पक्क्या दाढेचं टोकही. पाचव्या-सहाव्या वर्षी तर कमाल होते. शाळेत नाव घालायच्या वयाच्या पोराचा जबड्याचा एक्स-रे पाहा. वीस दुधाचे दात हिरडीवर, आणि त्यांच्या मुळांखाली, मागे, तिरपे, आडवे, जागा मिळेल तिथे दाटीवाटीने २८ पक्के दात घडत असलेले. अक्कलदाढा अजून सुरूही झालेल्या नाहीत, तरी बेरीज ४८. वरच्या जबड्यात डोळ्याच्या खोबणीच्या तळापर्यंत पक्के सुळे जाऊन टेकलेले दिसतात. हा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्या आईचा चेहरा पाहण्यासारखा असतो. माणसाच्या जबड्यात इतके दात पुन्हा कधीच नसतात.

या बालजबड्यांची महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी गोष्ट काष्टीपासून फार दूर नाही. घोड नदीच्या पलीकडच्या काठावर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून जास्त दफनं निघाली आणि त्यांत मुलांची संख्या भारी होती. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून खड्ड्यात ठेवलेले आणि आत मूल. घरातलं लेकरू घरातच राहिलं.

तान्ह्या मुलाची हाडं कागदासारखी पातळ, मातीच्या भाराखाली चुरतात. टिकतात ते दातांचे मुकुट. तांदळाच्या दाण्याएवढे, मूळ न फुटलेले, ज्यांनी कधी एक घासही चावला नाही असे. कोणता मुकुट किती बनला आहे हे पाहून मूल किती महिन्यांचं होतं ते सांगता येतं, आणि दात किडण्यावरून, झीज होण्यावरून, इनॅमलवरच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरावरच्या, खाचांवरून मोठ्यांचं खाणंपिणं आणि आजारपण कळतं. मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या दातांवर असं बारीक काम केलं. त्यांनी दुधाच्या सुळ्यांवरच्या बाहेरच्या बाजूचे छोटे खड्डे अभ्यासले. सुळा घडत असताना त्याच्यावरचं जबड्याचं हाड पुरेसं धरलेलं नसेल, तर हलक्या धक्क्यानेही इनॅमलला असा खड्डा पडू शकतो, असं या खड्ड्यांबद्दल मानलं जातं. म्हणजे दाताच्या पाठीवर हाडाची उणीव नोंदली गेली.

अशी नोंद कायम राहते ती इनॅमलच्या स्वभावामुळे. हाड सतत मोडतं आणि पुन्हा बांधलं जातं. इनॅमल एकदा बनलं की त्यात बदल नाही, दुरुस्ती नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात. आणि ते रोज बनतं, हिशेब ठेवून. दिवसाला सरासरी चार मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. दाढेच्या टोकावर दोन मिलिमीटर जाडी असेल तर ती पाचशे दिवसांची कमाई. सूक्ष्मदर्शकाखाली रोजच्या रेघा दिसतात, आणि त्यांच्यावर साधारण आठवड्या-दीड आठवड्याने येणाऱ्या ठळक रेघा. जन्माच्या धक्क्याचीही एक रेघ उमटते. ती दाताच्या कापात दिसली तर मूल जन्मानंतर काही दिवस तरी जगलं होतं, असं सांगता येतं.

हे इनॅमल ज्या सूक्ष्म दांड्यांचं बनलेलं असतं ते मोजायला गेलं तर मती गुंग होते. खालच्या बाजूच्या पुढच्या दातात सुमारे ५० लाख, वरच्या पहिल्या दाढेत सुमारे सव्वा कोटी. सगळ्यात कमी आकडा धरून ३२ने गुणलं तरी १६ कोटी होतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे एका माणसाच्या तोंडातले इनॅमलचे दांडे राज्यातल्या माणसांपेक्षा जास्त, तेही जपून मोजले तर. इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये नळ्या असतात: पल्पजवळ, म्हणजे दाताच्या गाभ्याजवळ, एका चौरस मिलिमीटरमध्ये ४५ ते ६५ हजार. थंड पाणी प्यायल्यावर जी कळ जाते ती याच वाटांनी.

दुसऱ्या टोकाला पातळपणाचे आकडे. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत ०.२ ते ०.४ मिलिमीटर, वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवली की तेवढी होतात. चेंडू डोळ्यावर बसला तर डोळा बचावतो आणि भिंत फुटते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर पोकळी असते, सुमारे १५ मिलिलिटरची, आणि काहींच्या दाढांची मुळं तिच्या तळाला मिलिमीटरच्या आत येऊन भिडतात. म्हणूनच सर्दी झाली की वरच्या दाढा दुखतात आणि लोक बिचाऱ्या दाढेवर आळ घेतात. दात आणि हाड यांच्यामध्ये जी बंधनं असतात त्यांची जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. त्यांच्या जोरावर दाढ पन्नास-साठ किलोचा दाब सहन करते आणि भाकरीतला वीस मायक्रॉनचा कण पकडते. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली तर तो कण केसाच्या एक तृतीयांशाहूनही बारीक. पिठात जात्याचा दगड उतरला आहे हे डोळ्याला कधीच दिसत नाही, पहिल्या घासाला कचकच मात्र लागते. मला विचाराल तर या सगळ्या आकड्यांत ही किलो-मायक्रॉनची जोडी अव्वल.

खालच्या जबड्याचा कोन जन्मताना जवळजवळ सरळ, १७५ अंशांचा. दात आले, चावणं वाढलं, की तो ११० ते १२० अंशांवर येतो. दात गेले की पुन्हा उघडत १४० पर्यंत जातो, आणि दातांसाठी असलेलं हाड विरघळून जबड्याची उंची अर्ध्यावर येऊ शकते. तरुणपणी हनुवटीच्या बाजूला जबड्याच्या मध्यावर असलेलं मज्जातंतूचं भोक मग वरच्या कडेला येऊन बसतं आणि कवळी तिथेच टोचते. ३२ हा आकडाही सगळ्यांचा नाही. जगभरच्या अभ्यासांची बेरीज करता सुमारे २२ टक्के लोकांना निदान एक अक्कलदाढ मुळातच नसते.

विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या वर्षाला खुर्चीपाशी उभा राहतो तेव्हा हे सगळं सुईच्या टोकावर येतं. खालचा जबडा बधिर करायला जबड्याच्या आतल्या बाजूच्या एका भोकाजवळ औषध सोडावं लागतं. मोठ्या माणसात सुई दाढांच्या चावणाऱ्या पातळीच्या सहा ते दहा मिलिमीटर वर टोचतात. चार वर्षांच्या मुलात ते भोक त्या पातळीच्या खाली असतं, तेव्हा सुई खाली न्यावी लागते. पुस्तकात मात्र चित्र बापाच्याच जबड्याचं छापलेलं असतं.