पंखांचा रंग पळाला कुठे?

मुलांनो, पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी दिव्याभोवती केवढी गर्दी होते, आठवतंय ना? पंख फुटलेली वाळवी! आई दिवा मालवायला सांगते, आजोबा खिडक्या लावून घेतात, तरी एखादी आमटीत पडतेच. सकाळी पाहावं तर वाळवी गायब आणि फरशीवर नुसता पंखांचा सडा! पंखाच्या मुळाशी एक नाजूक रेघ असते, तिथून वाळवी स्वतःच ते मोडून टाकते. जमिनीत शिरून नवं घर थाटायचं, तर पंख हवेत कशाला?

यंदा झाडू फिरण्याआधी चार पंख उचलून काळ्या कागदावर ठेवा आणि उजेडात जरा तिरके धरा. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे रंग त्यांवर दिसतील.

पारदर्शक रेझिनमध्ये फुलं, पानं, पंख घातलेली लॉकेटं तुम्ही पाहिली असतील. मीही वाळवीच्या पंखांचं लॉकेट करायला गेलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रंग गायब! पंखसुद्धा नीट दिसेना. शिरांची पुसट जाळी तेवढी उरली होती.

असं का झालं? हा रंग मुळी रंगवलेला नसतोच. पातळ पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून तो तयार होतो. त्यासाठी पंखाभोवती हवा लागते. पंख आणि रेझिन प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, त्यामुळे पंखाची कडच हरवते. पेल्यातल्या पाण्यात बर्फाचा नितळ खडा शोधून पाहा, म्हणजे कळेल.

दक्षिण अमेरिकेतल्या मॉर्फो फुलपाखराचा झगझगीत निळा रंगही असाच, खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म रचनेतून आलेला. त्याच्या पंखावर स्पिरिटचा थेंब टाकला की निळ्याचा हिरवा होतो आणि स्पिरिट उडून गेलं की पुन्हा निळा! रेझिन मात्र उडून जात नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये मॉर्फोच्या पंखांचे ब्रोच करत, तेही पंख काचेखाली कोरडे ठेवून.

मग रेझिनमध्ये टिकतं काय? सोनकिड्याची पाठीवरची टणक हिरवी ढाल. तिचे रंग देणारे थर कवचाच्या आतच घट्ट बसलेले असतात. रेझिन तिथवर पोचतच नाही. १८८८ साली लंडनमध्ये एलन टेरी ही अभिनेत्री लेडी मॅकबेथ झाली, तेव्हा तिच्या झग्यावर अशा सुमारे हजार ढाली शिवल्या होत्या. तो झगा अजून चमकतो!

पण बाभळीवरचा जिवंत सोनकिडा पकडून आणायचा नाही हं! आपणहून मेलेला सापडला तरच घ्या. फुलपाखरांच्या कित्येक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचे नुसते पंख बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका.

आता कृती. रेझिनचं काम आई-बाबांनीच करायचं, तुम्ही लांबून पाहायचं. कच्चं रेझिन कातडीला लागून अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि स्वयंपाकघरातली वाटी अजिबात घ्यायची नाही. ढाल आधी पूर्ण वाळवा; ओल राहिली तर आत धुरकट दिसतं. दोन बाटल्यांतली द्रावणं लेबलवर दिलेल्या प्रमाणातच मोजायची, अंदाजपंचे नाही. सावकाश ढवळलं की बुडबुडे कमी होतात. साच्यात पातळ थर ओतायचा, तो घट्ट होऊ लागला की ढाल ठेवायची आणि वर दुसरा थर. मग लेबलवर सांगितलेला वेळ हात लावायचा नाही. (हेच सगळ्यात कठीण!)

आणि वाळवीचे पंख? बाबांच्या बंद पडलेल्या घड्याळाची काच मागून घ्या. काळ्या कागदाच्या चकतीवर दोन पंख कोरडेच ठेवा, वर काच ठेवून कडेकडेनं डिंक लावा. काच पंखांना चिकटू देऊ नका. मध्ये हवा राहिली, तरच रंग राहतील.