भाव ठरतो अर्ध्या तासात, विचारायचं कुणाला?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरी, पावस, गणपतीपुळे या पट्ट्यातल्या आंबा बागायतदारांचे फोन पहाटेपासून वाजत असतात. पलीकडे वाशीच्या बाजारातला दलाल असतो, नाहीतर कॅनिंगचा माल उचलणारा. तो भाव सांगतो, किती क्रेट हवेत ते सांगतो आणि दुपारची गाडी भरायची की नाही, हे लगेच विचारतो. झाडावर चौदा आणे तयार झालेलं फळ आठवडाभर वाट पाहत नाही. उतरवलेलं तर त्याहून नाही. मिरकरवाडा बंदरातल्या नौकामालकाचंही तसंच. डिझेल आणि बर्फ भरून बोट बाहेर काढायची की खलाशी बसवून ठेवायचे, हे त्याला संध्याकाळच्या आत ठरवावं लागतं.

शहरातले व्यवस्थापनाचे सल्लागार सांगतात, घाई करू नका, सगळे पर्याय मांडा, मग ठरवा. रत्नागिरीतल्या लहान धंद्याला ती चैन परवडत नाही. काजू फोडणारी, कोकम आगळ करणारी, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी, आंब्याचा पल्प भरणारी माणसं झटपट निर्णय घेतात, कारण त्यांचा माल आणि हंगाम दोन्ही नाशिवंत आहेत. घाई टळणारी नाही. त्यामुळे घाईच्या वेळी कुणाला विचारायचं, हे हंगामाआधी ठरलेलं असणं फार महत्त्वाचं ठरतं. या जिल्ह्यात विचारण्याजोगी ठिकाणं आहेत, बरीचशी फुकट आहेत, आणि तरीही माणसं पैसे मोजून भलत्याच दारात जातात.

सगळ्यात साधं उदाहरण ‘उद्यम’ नोंदणीचं. 1 जुलै 2020 पासून लहान उद्योगांची ही नोंदणी केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर होते. आधार क्रमांक लागतो, कागदपत्रं चढवावी लागत नाहीत, शुल्क शून्य. तरीही मोबाइलवर ‘उद्यम’ शोधलं की हुबेहूब सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं वर येतात, ‘अर्ज शुल्क’ म्हणून हजार-दोन हजार मागतात आणि घाईतला माणूस ते भरून मोकळा होतो. खरं संकेतस्थळ ओळखण्याची खूण एकच: पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असतं. ज्याला मोबाइलवर जमत नाही त्याने जिल्हा उद्योग केंद्रात जावं. तिथे याच कामासाठी माणसं बसलेली असतात.

सल्ला देणाऱ्याला त्या सल्ल्यातून पैसे कोण देतं, हा प्रश्न आधी विचारला तर निम्मा गोंधळ मिटतो. 2020 मध्येच सुरू झालेल्या, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पंतप्रधान योजनेत, म्हणजे ‘पीएमएफएमई’त, याचं चांगलं उदाहरण सापडतं. आंबापोळी, काजू, कोकम, मासळीचे टिकाऊ पदार्थ करणाऱ्या लहान उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान, असा या योजनेचा गाभा. रत्नागिरी जिल्ह्यासाठी ‘एक जिल्हा एक उत्पादन’ म्हणून आंबा निवडलेला आहे. प्रकल्प अहवाल तयार करणं, बँकेत पाठपुरावा, परवाने यासाठी योजनेत ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात आणि त्यांचं मानधन योजनेतून दिलं जातं. अर्जदाराने त्यांना पैसे द्यायचे नसतात. बाहेरचा एजंट मात्र ‘अनुदान मंजूर करून देतो’ म्हणत टक्केवारी ठरवतो आणि कर्ज फिसकटलं तरी आगाऊ घेतलेली रक्कम परत करत नाही. दोघांच्या सल्ल्यातला फरक इथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग राबवतो. तेव्हा चालू मुदत आणि संसाधन व्यक्तीचं नाव जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयातच विचारावं.

बागेतल्या सल्ल्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिथे नुकसानही खोलवर जातं. हापूस एक वर्ष भरपूर येतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. यावर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझॉलची शिफारस केली. बागायतदार त्याला ‘कल्टार’ म्हणूनच ओळखतात. शिफारस बारकाईची आहे. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा टेपने मोजायचा, सरासरी काढायची आणि दर मीटर व्यासाला 3 मिलिलिटर इतकंच औषध पाण्यात मिसळायचं. बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध, झाडाभोवती वर्तुळात छोटी छिद्रं पाडायची आणि त्यांत ते द्रावण सारखं वाटून ओतायचं. वेळ जुलै-ऑगस्टची, जमिनीत ओल असताना. म्हणजे आठ मीटर विस्ताराच्या झाडाला 24 मिलिलिटर.

प्रत्यक्षात काय होतं? टेप कुणी काढत नाही. पन्नास झाडांना मजूर लावलेले असतात, पाऊस उघडलेला असतो, आणि ‘मागच्या वेळी कमी पडलं, यंदा जरा वाढवून टाक’ असा सल्ला कुठून तरी आलेला असतो. करारावर बाग घेतलेल्याला तर पुढच्या दहा वर्षांची फिकीर करण्याचं कारणच नसतं. त्याला हवा असतो यंदाचा मोहोर. जास्तीच्या मात्रेने पालवी आखूड होते, मोहोर गुच्छासारखा आवळून येतो आणि झाड दमतं. त्या वर्षी पेट्या भरतात, हिशेब नंतर चुकवावा लागतो तो बागेच्या मालकाला. दुकानदार खोटं बोलतो असं नाही. अनेक दुकानदार बागायतदारांच्या तीन-तीन पिढ्या ओळखतात आणि उधारीवर औषध देऊन हंगाम तारून नेतात. पण त्यांचं पोट बाटली विकण्यावर आहे आणि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाचं नाही, एवढं लक्षात ठेवून दोघांचं ऐकावं.

18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा कोकणाला झालेला उपयोग मोजायचा तर एक लेख पुरणार नाही. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेली ‘रत्ना’, देठासकट फळ अलगद उतरवणारा ‘नूतन झेला’, फळमाशीसाठीचा ‘रक्षक सापळा’, वेंगुर्ल्याच्या केंद्रातून निघालेल्या काजूच्या जाती. भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र तर रत्नागिरी शहराच्या उंबरठ्यावर आहे आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र लांज्याला. विद्यापीठाची कृषी दैनंदिनी दर वर्षी निघते, तिच्यात फवारणीचं वेळापत्रक असतं. हवामानावर आधारलेला कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तुडतुड्यांसाठी उद्या फवारायचं की दोन दिवस थांबायचं, हे ठरवायला तो पुरेसा ताजा आहे. पाऊस येणार असेल तर फवारणी थांबवल्याने एका दिवसात वाचणारे पैसे हे विद्यापीठावर विश्वास ठेवण्याचं सर्वांत रोकडं कारण म्हणता येईल.

खात्रीची माहिती उशिरा पोचली की काय होतं, ते 2014 साली दिसलं. भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत आदल्या वर्षी किडी सापडल्या म्हणून युरोपीय संघाने हापूससह भारतीय आंबा आणि चार भाज्यांवर बंदी घातली. 1 मे 2014 पासून ती लागू झाली, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. पण निर्णय झाला होता 26 मार्चला. मधले पाच आठवडे होते. ज्याचा माल त्या बाजारपेठेवर अवलंबून होता त्याच्यासाठी ते पाच आठवडे म्हणजे आखाताचे, देशातले किंवा कॅनिंगचे सौदे आधी करून ठेवण्याची संधी होती. परदेशांच्या आयात-निर्बंधांची माहिती ‘अपेडा’ ही केंद्राची संस्था देते, ती दलालाकडून फिरून यायची वाट पाहण्याचं कारण नाही. गरम पाण्याची प्रक्रिया आणि तपासणी यांची घडी बसल्यावर जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली. अमेरिकेला 2007 पासून विकिरण केलेलाच आंबा चालतो, जपानला बाष्पप्रक्रिया केलेला लागतो. प्रत्येक देशाचं दार वेगळ्या किल्लीने उघडतं आणि त्याची माहिती रत्नागिरीतच, राज्य पणन मंडळाच्या आंबा निर्यात सुविधा केंद्रात मिळते.

हापूसला ऑक्टोबर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतला हापूसच ‘हापूस’ म्हणून विकता येतो. पण मानांकनाचं चिन्ह पेटीवर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, हे अजून पुष्कळांच्या कानांवर गेलेलं नाही. मानांकन धारण करणाऱ्या संस्था आणि विद्यापीठ याबाबत मदत करतात. कर्नाटकी आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून विकला जातो याची तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतःची नोंदणी करावी. नाहीतर ओरड करायला हक्काचा कागद हाताशी राहत नाही.

बंदरावरची परिस्थिती याहून बरी. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्रविज्ञान संस्था उपग्रहातून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य मोजते, त्यावरून मासळी जमण्याची शक्यता कुठे आहे हे काढते आणि बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली अशा रूपात, मराठीतही, कळवते. आकाश ढगाळ असलं की उपग्रहाला दिसत नाही आणि सल्ला मिळत नाही. ही मर्यादा संस्था स्वतः सांगते, म्हणून तर तिच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. लाटांचा आणि वादळाचा इशारा मात्र सल्ला म्हणून घ्यायचा नाही, तो पाळायचा. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत काय केलं, ते तिथल्या माणसांना सांगायला नको.

पैसे अडकणं हे लहान धंद्याचं जुनं दुखणं. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात यावर खरोखर दात असलेली तरतूद आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लांब ठरवली तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारी संकेतस्थळावर करता येते आणि ती सुविधा परिषदेपुढे जाते. या परिषदेच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर देणेकऱ्याला 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. मात्र झाडावरचं फळ विकणारा बागायतदार यात बसत नाही, कारण शेती ‘उद्यम’च्या कक्षेबाहेर आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला 2021 पासून नोंदणी मिळते, पण ती बँक कर्जासाठी, या तरतुदीसाठी नाही. पल्प, मुरंबा, काजूगर तयार करणारा बसतो. मोठ्या शहरातल्या दुकानांच्या साखळीला माल देणाऱ्या महिला बचत गटाने हे जाणून घेतलं तर पुढच्या वेळी ‘ताई, पुढच्या महिन्यात बघू’ या उत्तरावर निमूट परत यावं लागणार नाही. नोंदणी माल देण्याआधीची असावी. नंतर केलेल्या नोंदणीवर कोर्टात वाद होतात.

कर्जाच्या बाबतीत घाई सर्वांत महाग पडते. हंगामाच्या तोंडावर दोन लाख हवेत आणि बँक पंधरा दिवस म्हणते, अशा वेळी मोबाइलवरचं अ‍ॅप दहा मिनिटांत पैसे देतं. ते अ‍ॅप नियमातल्या बँकेशी किंवा वित्तसंस्थेशी जोडलेलं आहे का, हे पाहायला रिझर्व्ह बँकेने 1 जुलै 2025 पासून यादी खुली केली आहे. बेकायदा वसुली किंवा ठेवींची तक्रार तिच्याच ‘सचेत’ संकेतस्थळावर करता येते. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्यवस्थापक तारण मागत असेल तर हा नियम शांतपणे समोर ठेवावा. तरीही ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, रत्नागिरीत बँक ऑफ इंडियाच्या, व्यवस्थापकाकडे दाद मागावी. फसवणूक झालीच तर 1930 हा क्रमांक ताबडतोब लावावा. पैसे पुढच्या खात्यातून काढून घेतले जाण्याआधी तक्रार पोचली तर ते गोठवता येतात, म्हणून इथे लाजेत घालवलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा.

या सगळ्यात शेजारच्या बागायतदाराचा, आढीत आयुष्य काढलेल्या काकांचा, बचत गटातल्या वहिनींचा सल्ला कुठे बसतो? तो पहिला असतो आणि असावा. साका कुठल्या कातळावरच्या बागेत जास्त येतो, कोणता दलाल पट्टी वेळेवर पाठवतो, कोणता वाहतूकदार खंबाटकीत गाडी उभी करून झोपतो, हे कुठल्याच सरकारी पुस्तकात नाही. पण परवाना, व्याज, औषधाची मात्रा आणि परदेशाचा नियम या चार गोष्टी काकांना विचारून भागत नाही, कारण त्या बदलत राहतात आणि काकांना त्या बदलल्याचं कळायला दुसरं कुणी सांगावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फिरणारा ‘शासनाचा नवा निर्णय’ तर निर्णयाची तारीख आणि क्रमांक पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये. राज्याचे शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतच असतात आणि क्रमांक टाकला की मिनिटभरात सापडतात.

दोष केवळ विचारणाऱ्यांचा नाही. फळपीक विम्याची मुदत नोव्हेंबरअखेर, मोहोराची धांदल डिसेंबरात, काढणी मार्च ते मे. आणि सल्ला देणारी बहुतेक कार्यालयं शनिवार-रविवारी कुलूपबंद. दलालाचा फोन रविवारी सकाळीही लागतो. रत्नागिरी, लांजा आणि राजापुरात मार्च ते मे एवढे तीन महिने कृषी विभाग, उद्योग केंद्र आणि पणन मंडळाने मिळून एक खिडकी आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवावी, तिथे एक फोन आणि मराठीत उत्तर देणारा एक जाणकार बसवावा. खर्च फार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय मांडायला एखादा लोकप्रतिनिधी पुढे आला, तर पुढच्या हंगामाआधी तो मार्गी लागू शकतो.