छोट्या आगगाडीचं इंजिन रंगवताना

शिलाई, पापड, उदबत्ती यांवर आपण पुष्कळ बोललो. आज जरा वेगळ्या कामाविषयी. कसबा पेठेतल्या आमच्या बचत गटाकडे जुन्या वस्तू रंगवायला येतात. पाळणे, पाट, खेळणी. त्यात कधी रुळावर पळणारं वीतभर इंजिनही असतं. अशी इंजिनं जपणारे हौशी लोक पुण्यात आहेत. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ साली सुरू झालं. सहलीला आलात तर मुलांना घेऊन जरूर बघा.

इंजिन हातात घेतलं की पहिली भीती विजेची. पण ही इंजिनं बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. वीज रुळातून चाकात, चाकातून मोटारीत जाते. रुळावरून उचललं की इंजिन गप्प. मग ते उलटं करून मऊ फडक्यावर ठेवायचं. वरचं कवच खालून एक-दोन स्क्रूंनी किंवा बाजूच्या खाचांनी बसवलेलं असतं. जोर लावायचा नाही. निघत नसेल तर कुठेतरी एखादा स्क्रू राहिलाय असं समजायचं. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढायचा आणि स्क्रू निघतील त्या क्रमानं अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवायचे. तांबट आळी आमच्याच पेठेत. ठोक्यांच्या आवाजात वाढलेल्या आमच्या बायकांना धातूचं भय नाही, पण तिळाएवढा स्क्रू फरशीवर पडला की सगळ्यांचीच धांदल!

आता जपायची गोष्ट. जुना रंग दिसला की आपला हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. तिथेच थांबा. जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्या-तांबड्यांत, शिसं असू शकतं. लोखंड गंजू नये म्हणून पूर्वी शेंदराचा अस्तर देत, आणि शेंदूर हे शिशाचंच संयुग. कोरडं घासलं की त्याची धूळ उडते, पदराला बसते, तोच पदर लेकराच्या तोंडाला लागतो. शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि ती भरून येत नाही. गरोदर बाईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री कोण देणार? तुमच्या घरातल्या जुन्या पाळण्याला आणि खिडकीच्या गजांनाही हेच लागू आहे.

म्हणून आमच्याकडे घासकाम ओल्यानंच होतं, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं आणि स्वयंपाकघरापासून लांब. खाली कागद, हातात मोजे, तोंडाला धुळीचा चांगला मास्क. ओढणी गुंडाळून भागत नाही. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हे काम देतच नाही. तिच्याकडे हिशेब किंवा नव्या रंगाची अक्षरं. चोथा पिशवीत बांधून वेगळा ठेवतो, मोरीत सोडत नाही. मुलांजवळ जाण्याआधी हात धुवायचे, कपडे बदलायचे.

कवच प्लास्टिकचं असेल तर थिनर लावू नका, ते विरघळतं. साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून मग अस्तर. पुढे बोटं लावायची नाहीत, तेलकट ठशावर रंग धरत नाही. रंग पातळ हातानं, दोन-तीन वेळा. जाड थर दिला की दिव्यांच्या कडा, रिवेटचे ठिपके बुजतात आणि इंजिन साबणाच्या वडीसारखं दिसतं. आधी फिका रंग, तो पुरता वाळला की पट्टी चिकटवून गडद. पट्टी रंग दगडासारखा होण्याआधी काढायची.

चाकाची रुळावर टेकणारी कड मात्र कोरी ठेवायची. तिथे रंग लागला की वीज अडते, आणि देखणं इंजिन जागचं हलत नाही. दातेचक्राला सुईच्या टोकावरचं थेंबभर तेल पुरे.

मजुरी सांगताना गट नवा असेल तर रंगाच्या डब्याची किंमतच डोळ्यांपुढे येते. पण डबा स्वस्त असतो. उघडणं, घासणं, वाळण्याची वाट बघणं, पुन्हा जोडणं यांचे तास वहीत मांडा आणि आकडा सांगण्याआधी गिऱ्हाइकाला ती वही दाखवा.