पातळ्यांची वैधता: एक चिवट गैरसमज

इंग्रजी शिकणाऱ्यांची पातळी ठरवणारी श्रेणी एकदा ‘वैध’ ठरली की तो शिक्का कायमचा आणि सर्वत्र चालतो, हा समज शाळांपासून शिकवणीवर्गांच्या जाहिरातींपर्यंत इतका रुजला आहे की तो खोडून काढण्याचाही कंटाळा यावा. वैधता हा श्रेणीचा अंगभूत गुणच नव्हे. सॅम्युअल मेसिक यांच्या 1989 मधील मांडणीनुसार गुणांवरून काढलेला अर्थ आणि त्यावर घेतलेला निर्णय यांना पुराव्याचा कितपत आधार आहे, हा वैधतेचा खरा प्रश्न असतो. म्हणून श्रेणीचा उपयोग बदलला की पुरावाही नव्याने गोळा करावा लागतो.

युरोप परिषदेच्या 2001 मधील सामायिक आराखड्याचेच पाहावे. त्यातील ‘ए-1’ ते ‘सी-2’ या पातळ्यांची वर्णनवाक्ये, म्हणजे ‘शिकणाऱ्याला अमुक करता येते’ अशी विधाने, स्वित्झर्लंडमधील सुमारे 300 शिक्षकांच्या आणि 2,800 विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तपासली गेली, आणि विधानाचे काठिण्य व विद्यार्थ्याची क्षमता एकाच मोजपट्टीवर आणणाऱ्या राश प्रारूपाने त्यांचा क्रम लावला गेला. काम मोलाचे होते. परंतु मोजले गेले ते शिक्षकांचे आकलन, आणि तेही माध्यमिक, व्यवसायशिक्षणातील व प्रौढ विद्यार्थ्यांविषयीचे. ‘ए-2’च्या वर्णनात कुटुंब आणि खरेदी यांच्या जोडीला नोकरीही येते, ते वर्णन आठ वर्षांच्या मुलाला कसे लावावे, हे त्या आकडेमोडीतून कळत नाही.

पातळ्यांच्या सीमारेषाही तज्ज्ञांच्या समित्या आखतात. अमेरिकेतील अनेक राज्यांत वापरल्या जाणाऱ्या ‘विडा’ या संस्थेच्या ‘ॲक्सेस’ या इंग्रजी-प्रावीण्य चाचणीच्या सीमारेषा 2016 मध्ये अधिक कडक झाल्या, तेव्हा पुढच्या निकालात बऱ्याच मुलांची पातळी घसरलेली दिसली. त्यांचे इंग्रजी काही एका उन्हाळ्यात आटले नव्हते. शाळेत मिळणारे इंग्रजीचे जादा साहाय्य चालू राहणार की थांबणार, हे मात्र बहुतांशी याच पातळीवरून ठरते.

दोन परीक्षकांचे गुण जुळले म्हणजे वैधता सिद्ध झाली, असेही मानले जाते; ती केवळ विश्वसनीयता होय, कारण दोघांनीही उच्चारालाच प्रावीण्य मानले तरी गुण जुळतीलच. ‘सी-2’ म्हणजे मातृभाषकाची पातळी, हा अर्थ 2001 च्या दस्तऐवजानेच नाकारला आहे. वर्णनवाक्यांचे भाषांतर केल्याने मूळ पुरावा नव्या भाषेत आपोआप येत नाही. परीक्षा या आराखड्याशी जोडण्यासाठी परिषदेच्या 2009 च्या पुस्तिकेत परिचयापासून वैधता-तपासणीपर्यंत पाच टप्पे सांगितले आहेत; जाहिरातींना मात्र ‘बी-2 दर्जा’ एवढे छापणे पुरेसे वाटते.