धुरा सरकवा, पण पीक सांभाळून!

प्रोजेक्टचं सबमिशन तोंडावर आलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच लिनक्स सांगतं, 'होम'मध्ये जागा संपली! फॉरमॅट मारायची मुळीच गरज नसते. पण जागा कमी-जास्त करताना क्रम चुकला, तर डेटा गेलाच समजा.

जामहून हिंगणघाटकडे निघालं की कपाशीची शेतं लागतात. शेताचा धुरा म्हणजे पार्टिशनची हद्द आणि आतलं पीक म्हणजे फाइल सिस्टिम. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, सगळी गंमत इथेच आहे. शेत वाढवायचं तर आधी धुरा बाहेर न्यायचा, मग पेरायचं. शेत कमी करायचं तर आधी त्या पट्ट्यातलं पीक काढायचं, मगच धुरा आत आणायचा.

साध्या पार्टिशनला लागूनच मोकळी जागा लागते. लॉजिकल व्हॉल्यूमला ही अट नाही. लिनक्ससाठी एलव्हीएम हाइन्झ माउल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं. ते डिस्कचे सहसा ४ एमबीचे तुकडे पाडतं आणि कुठलेही तुकडे एका व्हॉल्यूमच्या नावावर लावतं. आठ-अ च्या उताऱ्यावर नाही का, गावातले वेगवेगळे गट एकाच खात्यावर दिसतात? अगदी तसंच! नवी डिस्क लावली की तिचे तुकडेही याच खात्यात जमा करता येतात.

आता ईएक्सटी-४ चं बघू. वाढवताना आधी व्हॉल्यूम, मग फाइल सिस्टिम. हे चालू मशीनवरही होतं. कमी करताना मात्र आधी अनमाउंट करा, फाइल सिस्टिम तपासा, मग ती लहान करा आणि शेवटी व्हॉल्यूम. समजा व्हॉल्यूम २० जीबीवर आणायचा आहे, तर फाइल सिस्टिम आधी १८ वर आणा. नंतर ती उरलेल्या जागेत पुन्हा पसरवता येते. रूट कमी करायचा असेल तर पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने बूट करा. एक्सएफएस वाढवता येते, पण कमी करायच्या भानगडीत पडू नका.

पार्टिशनची सुरुवातच सरकवायची असेल तर सगळा डेटा उचलून नेला जातो, त्याला तासन्‌तास लागू शकतात. मध्येच लाइट गेली तर? म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि सगळ्यात आधी बॅकअप घ्या, तोही दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कवरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे!