वास्कोत सायकलीला जागा कुठून काढायची?

गोव्यात आता सायकल चालवतो कोण, असे विचारणाऱ्याच्या दारात अजूनही पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल येऊन थांबते. मागे पावांची टोपली, हँडलला रबरी भोंपू. ही सायकल आता टी-शर्टांवर आणि फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर छापली जाते, पर्यटक तिचे फोटो काढतात. पण ती ज्या रस्त्यावरून जाते त्याचा आराखडा करताना तिला कोणी मोजत नाही. जेटीवरचा मजूर, बांधकामावरचा गवंडी, पहाटे कामावर निघालेला सुरक्षारक्षक हेही त्याच मोजदादीबाहेरचे. हौशी सायकलस्वार रविवारी हेल्मेट घालून निघतो, तो निदान दिसतो तरी.

गोव्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख होती. नोंदलेल्या वाहनांनी हा आकडा केव्हाच ओलांडला. निम्म्याहून अधिक घरांत दुचाकी आहे. अलीकडच्या वर्षांत राज्यात रस्त्यावर दरसाल अडीचशे ते तीनशे माणसे मरतात आणि त्यांत दुचाकीवाले सर्वांत जास्त असतात. अशा रस्त्यावर मुलाला सायकल देऊन शाळेत पाठवायला आई धजावत नाही, याचा दोष तिला देता येत नाही.

मुरगाव पालिकेच्या हद्दीत 2011 साली 94 हजारांवर माणसे राहत होती. याच हद्दीतला वास्को सायकलीसाठी वाईट नाही, उलट गोव्यातल्या बऱ्याच गावांपेक्षा बरा. रेल्वे स्थानक, बाजार, स्वतंत्र पथ, बायणा हा भाग बराचसा सपाट आहे आणि एका टोकापासून दुसरे टोक फार तर दोन-तीन किलोमीटर. ताशी 15 किलोमीटर हा सायकलीचा निवांत वेग. त्या वेगाने दोन किलोमीटरला आठ मिनिटे लागतात, आणि स्कूटर लावायला जागा शोधण्यात यापेक्षा कमी वेळ जातो असे वास्कोच्या बाजारात कोणी शपथेवर सांगणार नाही. अडचण चढाची आहे. हेडलँड सडा, मांगोर हिल, दाबोळीचे पठार हे सगळे जांभ्या दगडाचे उंचवटे, तिथे दमछाक होते. त्यावर उपाय आता बाजारात मिळतो. 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीची सायकल आपल्या कायद्यात मोटार वाहन धरली जात नाही. तिला ना नोंदणी लागते, ना परवाना.

मग अडते कुठे? याचे उत्तर शोधायला पुण्याला जावे लागेल.

पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. पुढे आकुर्डीत बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या, पेठांतली माणसे उपनगरांत राहायला गेली, अंतरे वाढली आणि सायकल मागे पडली. ती परत आणायचे प्रयत्न पुण्याइतके दुसऱ्या कुठल्या मराठी शहराने क्वचितच केले असतील. 2006 च्या डिसेंबरात कात्रज ते हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा तिच्या जोडीने सायकल मार्गही बांधले गेले. पैसा केंद्राचा, हेतू चांगला. झाले काय, तर मार्ग दर दुकानापाशी तुटला, मध्येच विजेचा डीपी आला, झाड आले, बसथांबा आला. खालचे पेव्हर ब्लॉक उखडले. उरलेल्या तुकड्यांवर दुचाक्या उभ्या राहिल्या आणि कोंडी झाली की त्याच दुचाक्या तिथून धावूही लागल्या. सायकलवाला पुन्हा मुख्य रस्त्यावर आला. त्यावर लोक म्हणू लागले, बघा, मार्ग करून दिला तरी हे वापरत नाहीत!

हे खापर सायकलवाल्यांच्या माथी फोडणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते. दर पन्नास पावलांवर उतरायला लावणारा मार्ग कोण वापरील?

डिसेंबर 2017 मध्ये पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. 800 किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे, सायकल उभी करायच्या जागा, भाड्याच्या सायकली, सारे त्यात होते. भाड्याच्या सायकली त्याच महिन्यात आल्याही. नारंगी, पिवळ्या, हिरव्या. मोबाइलवर कुलूप उघडायचे आणि निघायचे. काही महिने शहर हरखून गेले. मग सायकली मोडल्या, फेकल्या गेल्या आणि कंपन्यांनी एकेक करून गाशा गुंडाळला. वर्तमानपत्रांत गाजले ते एवढेच. त्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मार्च 2018 मध्ये घडली. रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घेणारे पार्किंग धोरण महापालिकेने मंजूर केले, पण विरोध होताच ते पाच रस्त्यांवर प्रायोगिक करायचे ठरले आणि पुढे तेही रखडले. कागदावरच्या सायकलीला शेकडो किलोमीटर मिळाले, पण तिच्या जागेवर उभ्या असलेल्या मोटारीला कोणी उठवले नाही. माझ्या मते पुण्याची गाडी तिथे घसरली. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल मार्गाचेही फार वेगळे झाले नाही. तोही गाड्या लावायला वापरला गेला.

ही जागा खरोखर काढली ती स्पेनमधल्या सेव्हिल शहराने. तिथे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे 'उन्हात कोण सायकल चालवणार' हा प्रश्न तिथेही विचारून झालेला होता. 2006 नंतर थोड्याच वर्षांत तिथल्या पालिकेने सुमारे 80 किलोमीटरचे सलग मार्ग बांधले. रस्त्याकडेच्या हजारो मोटारींची जागा काढून घेतली, मार्ग हिरवा रंगवला आणि मोटार चढू नये म्हणून मध्ये ठोकळे बसवले. रोजच्या सायकल फेऱ्या सहा-सात हजारांवरून साठ हजारांच्या वर गेल्या. जाळे सलग होते आणि ते एकदम बांधले गेले, यातच त्याचे मर्म आहे. दरवर्षी दोन किलोमीटर बांधत गेले असते तर मार्ग कुठेच पोहोचला नसता, आणि न पोहोचणाऱ्या मार्गावर माणूस दिसला नाही म्हणून पुढचा निधीही अडला असता.

नेदरलँड्सचे नाव अशा लेखात येतेच, म्हणून एवढेच सांगतो की तो देश जन्मजात सायकलवाला नाही. 1971 साली तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत 400 हून अधिक मुले. आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 चे तेलसंकट आले आणि मग धोरण बदलले.

वास्कोच्या जुन्या बाजारभागात सगळीकडे वेगळा मार्ग काढता येणार नाही, रस्ते तेवढे रुंदच नाहीत. सायकल मार्गाला किमान दोन मीटर तरी हवेत. तेवढे जिथे नसतील तिथे उपाय वेगाचा. ताशी 50 ने धावणाऱ्या गाडीचा वेग 30 वर आणला की धडकेतली ऊर्जा जवळजवळ एकतृतीयांशावर येते. हे शाळेतलेच भौतिकशास्त्र आहे. पॅरिसने 2021 मध्ये जवळपास सगळ्या शहरात 30 ची मर्यादा लावली. आपल्याकडे नुसता फलक लावून ते होणार नाही, हे कोणीही सांगेल. त्यासाठी चौक आवळावा लागतो, वळणाचा कोपरा अरुंद करावा लागतो, पादचाऱ्यांची ओलांडणी पदपथाच्या पातळीवर उचलावी लागते. हा खर्च उड्डाणपुलापुढे चिल्लर आहे. कदाचित म्हणूनच त्याचे उद्घाटन करायला कोणी उत्सुक नसतो.

आणि रस्ता बंद केला तर बाजार मरेल, ही व्यापाऱ्यांची भीती वास्कोत तरी तपासून झालेली आहे. श्रावणात श्री दामोदराचा भजनी सप्ताह भरतो, स्वतंत्र पथावर फेरी लागते, गाड्या दुसरीकडून वळवतात. सव्वाशे वर्षांची ही परंपरा. त्या दिवसांत रस्ता माणसांनी फुलतो आणि धंदा थांबत नाही. बोगोटा शहरात 1974 पासून रविवारी मुख्य रस्ते मोटारींना बंद ठेवून सायकलींना आणि पायी फिरणाऱ्यांना मोकळे करतात. आपल्याला त्यासाठी बोगोटाला शिष्टमंडळ पाठवायची गरज नाही.

पावसाचा आक्षेप खरा आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारे वारे; चेन महिन्याभरात गंजते. पण पावसात स्कूटरवालाही भिजतोच. तेव्हा सोय रस्त्याइतकीच छपराचीही हवी: कदंब बस स्थानकाजवळ, रेल्वे स्थानकाजवळ, मासळी बाजाराशी छप्पर असलेली आणि कुलूप लावायला लोखंडी दांडा असलेली जागा. मडगावची किंवा पणजीची शटल बस पकडणाऱ्याला सायकल सुरक्षित ठेवता आली, तर तो घरून स्कूटर का काढील? एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात.

खरा गुंता मालकीचा. वास्कोत एक रस्ता पालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तिसरा राष्ट्रीय महामार्गाचा, बंदराकडचा बंदर प्राधिकरणाचा. पोलीस वेगळे, नियोजन प्राधिकरण वेगळे. बायण्याहून चिखलीला सायकलने जाणाऱ्याला या हद्दी दिसत नाहीत, पण त्याचा मार्ग नेमका त्यांच्यापाशीच तुटतो. त्यामुळे आधी एक नकाशा आणि त्याला जबाबदार एक अधिकारी हवा. रंगाचे डबे नंतर.

वाचकांनाही यात काम आहे. पाऊस संपला की हॉटमिक्सची कामे निघतात. आपल्या प्रभागातल्या रस्त्यावर डांबर पडण्याआधी नगरसेवकाला लेखी विचारा: शाळेसमोर ओलांडणी उचलणार का, चौकाचा कोपरा आवळणार का, बाजारातल्या किती मोटारींची जागा सायकलींना देणार? अर्जाची पोच घ्या. डांबर एकदा पडले की तो रस्ता पुढची काही वर्षे पुन्हा कोणी उघडत नाही.